एकच तारक आणि आमचे पूर्वज

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा केव्हां चढविली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं सेवा केली, हा वृत्तांत यावा अशी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. प्रस्तुत लेखांत मात्र इमारतीचा नव्हे, तर एका प्रश्नाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. बुलढाणा जिल्ह्यांत राहणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास हा प्रश्न टाळतां येत नाहीं. शेगांवीं श्रीगजाननमहाराजांच्या समाधीपुढें रीघ लागते व तेथील पालखी दरवर्षीं पायीं पंढरपुरास जाते; होळीच्या सुमारास सैलानीबाबांच्या दर्ग्याकडे हिंदु आणि मुसलमान दोन्ही समाजांचे लोक लोटतात; मेहकरीं बालाजी आहे, लोणारीं धार आहे. अशा मुलखांत आपण रविवारीं मिस्सेला बसून ऐकतों कीं, मनुष्यजातीचा तारक एकच आहे. मग घरांतील एखादें पोर सहज विचारतें कीं, आपल्या खापरपणजोबांनीं तर ख्रिस्ताचें नांवहि ऐकलें नव्हतें. त्यांचें काय झालें?

प्रश्न पोराचा असला तरी त्यानें मोठमोठ्यांस रडविलें आहे, हें पुढें येईलच. आधीं ज्या वचनांवरून तो उपस्थित होतो तीं वचनें पाहूं.

पहिलें वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांतील. आपणच मार्ग आहों व आपल्यावांचून पित्याकडे कोणाचें जाणें होत नाहीं, असा त्याचा आशय. दुसरें प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायांतील. तारणाचें नांव ह्या एकावांचून दुसरें नाहीं, असें पेत्र तेथें म्हणतो. हीं दोन वचनें पुष्कळदां संदर्भापासून तोडून, भिंतीवर टांगलेल्या पाटीसारखीं वाचलीं जातात. वस्तुतः पहिलें वचन शेवटच्या भोजनाच्या रात्रीं घाबरलेल्या शिष्यांस उद्देशून आहे. आपण कोठें जातां हेंच आम्हांस ठाऊक नाहीं, मग वाट कशी कळावी, असें थोमानें विचारलें आणि त्यास हें उत्तर मिळालें. तेथें कोणत्याहि परधर्माची चौकशी चालली नव्हती. दुसरें वचन न्यायसभेपुढचें आहे. मंदिराच्या दरवाजाशीं बसणारा एक जन्माचा लंगडा बरा झाला. हें कोणाच्या नांवानें केलें, असें अधिकाऱ्यांनीं दरडावून विचारलें. आणि रात्रभर कोठडींत ठेवलेल्या एका कोळ्यानें निर्भयपणें जबाब दिला. म्हणजे एक वचन भ्यालेल्यांस धीर देण्यासाठीं बोललेलें, आणि दुसरें दुर्बळानें बलवानांपुढें दिलेल्या साक्षींतील. शेजाऱ्याच्या कपाळीं नरक लिहिण्याकरितां ह्यांपैकीं एकहि उच्चारलेलें नाहीं.

ह्यावरून तीं वचनें पातळ करून घ्यावींत असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ख्रिस्त एकच तारक आहे हें ख्रिस्तसभा पहिल्या दिवसापासून मानीत आली आहे, आणि तें सोडून दिल्यास ख्रिस्ती धर्मांत कांहीं उरत नाहीं. परंतु त्याच शास्त्रांत दुसरीहि वचनें आहेत. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहावा. सर्व माणसांचें तारण व्हावें अशी देवाची इच्छा आहे, हें एक वाक्य. आणि देव व मानव ह्यांमध्यें मध्यस्थ एकच आहे, हें त्याला लागूनच पुढचें. जो पेत्र न्यायसभेपुढें एका नांवाची ग्वाही देतो, तोच कृत्यांच्या दहाव्या अध्यायांत कर्नेल्य ह्या परक्या शतपतीच्या घरीं उभा राहून कबूल करतो कीं, देव पक्षपाती नाहीं. कोणत्याहि राष्ट्रांतला देवभीरु व सदाचारी मनुष्य त्यास मान्य होतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत तर राजाच्या उजव्या हाताकडचे लोक चकित होऊन विचारतात कीं, आम्हीं आपणांस केव्हां जेवूं घातलें? आपण कोणाची सेवा केली हें त्यांस ठाऊकच नव्हतें. हा जो जोड शास्त्रांतच आहे, तो सोडवीत बसणें हेंच पुढील अठरा-एकोणीस शतकांचें काम झालें.

आरंभींच्या शतकांतला वृत्तांत आटोपतां घेतों. दुसऱ्या शतकांतील हुतात्मा यूस्तिन ह्यानें ग्रीक तत्त्ववेत्त्यांविषयीं असें प्रतिपादिलें कीं, देवाच्या शब्दाचें बीज सर्वत्र पेरलेलें आहे, आणि जे त्या शब्दाप्रमाणें जगले ते एका अर्थीं ख्रिस्ताचेच. तिसऱ्या शतकांत कार्थेजचा बिशप किप्रियान ह्यानें ख्रिस्तसभेबाहेर तारण नाहीं असें प्रसिद्ध सूत्र मांडलें. पण त्याच्यापुढें ख्रिस्तसभा फोडून निघालेले लोक होते, ज्यांनीं तिचें नांव ऐकलें नाहीं असे लोक नव्हते. हा भेद पुढें पुसट झाला. १४४२ सालीं फ्लोरेन्सच्या परिषदेंत तेंच सूत्र परधर्मीयांसहि सरसकट लावण्यांत आलें. ज्यांच्या कानीं शुभवर्तमान पडलें नाहीं असा मनुष्य जगांत उरलाच नसेल, अशीच त्या काळच्या यूरोपची समजूत होती. पन्नास वर्षांनीं कोलंबसाचीं जहाजें परत आलीं, आणि ती समजूत टिकण्याजोगी राहिली नाहीं.

आतां पोराच्या प्रश्नाकडे येऊं. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरला व १५४९ सालीं जपानला पोंचला. तेथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्यें कोचीनहून यूरोपांतील आपल्या बंधूंस लिहिलेल्या लांब पत्रांत त्यानें जपानी ख्रिस्ती लोकांची एक व्यथा नमूद केली आहे. आमचे मेलेले आईबाप, बायकामुलें ह्यांचें काय, प्रार्थनेनें किंवा दानधर्मानें त्यांस सोडवितां येईल काय, असें ते विचारीत. त्या काळच्या शिकवणीस धरून झेवियरानें सांगितलें कीं, नरकांत गेलेल्यांस सोडविण्याचा उपाय नाहीं. तें ऐकून ते लोक रडत. आणि त्यांना रडतांना पाहून आपणांसहि दुःख होतें, हें तो लपवीत नाहीं. त्याच पत्रांत दुसरी एक गोष्ट आहे व ती तितकीच महत्त्वाची आहे. देव दयाळू असतां त्यानें आमच्या पूर्वजांस इतका काळ अंधारांत कां ठेवलें, ह्या प्रश्नास त्यानें असें उत्तर दिलें कीं, खून करूं नये, चोरी करूं नये हें कोणी न शिकवितांहि मनुष्यास कळतें. रानांत एकट्यानें वाढलेल्या माणसासहि बरेंवाईट समजतें, आणि तें शिकविणारा सृष्टिकर्ताच होय. आमच्या मतें पुढें चारशें वर्षांनीं ख्रिस्तसभेनें जो निर्णय केला त्याचें अर्धें बीज ह्या उत्तरांत आहे. उरलेलें अर्धें त्या अश्रूंत आहे. जें शिकवितांना शिकविणाऱ्याचेंच अंतःकरण ग्वाही देत नाहीं, तें पुन्हां तपासून पाहावेंसें वाटल्यावांचून राहत नाहीं.

झेवियरानंतर अठ्ठावीस वर्षांनीं हाच वाद हिंदुस्थानच्या बादशहापुढें आला. अकबराच्या निमंत्रणावरून रोदोल्फो अक्वाविवा व त्याचे दोन सहकारी फेब्रुवारी १५८० मध्यें फत्तेपूर शिक्रीस पोंचले. तेथील इबादतखान्यांत मुसलमान, ब्राह्मण, जैन, पारशी अशा सर्व मतांचे पंडित वाद करीत, आणि बादशहाची ओढ सर्वांत कांहीं सत्य आहे ह्या मताकडे होती. अक्वाविवानें ख्रिस्ताच्या एकमेवपणाचा आग्रह सोडला नाहीं, आणि अकबरानें स्नानसंस्कार घेतला नाहीं. अग्निदिव्याचा प्रसंग ह्याच वेळचा. अबुल फजल म्हणतो कीं, ग्रंथ हातीं घेऊन अग्नींत शिरण्याची सूचना पाद्र्यानें केली व मौलवी मागें सरले. उलट पाद्र्यांच्या कागदांत असें आहे कीं, अशी कसोटी म्हणजे देवाची परीक्षा पाहणें, म्हणून आम्हींच ती नाकारली. एकाच सभेच्या ह्या दोन बखरी. कोणती खरी मानावी हें वाचकांनीं ठरवावें. अग्नींत कोणी शिरलें नाहीं, एवढें मात्र दोघांसहि मान्य आहे.

हा प्रसंग दूरचा वाटेल, पण त्याचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यांत येतो. १५९६ सालीं वऱ्हाड अकबराच्या राज्यास जोडला गेला, आणि ज्या अबुल फजलनें त्या वादसभेचा वृत्तांत लिहिला त्यानेंच आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण ह्या स्थानास विष्णुगया म्हणतात, असें तो लिहितो. आणि लगेच, सरोवरांतील खारापासून कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें, हेंहि नोंदवितो. दुसऱ्याच्या तीर्थाविषयीं आदरानें व बारकाईनें लिहिण्याची ही हातोटी अक्वाविवाच्या सोबत्यांपैकीं मोन्सेर्रात ह्याच्या प्रवासवृत्तांतहि पुष्कळ अंशीं दिसते. श्रद्धेनें ठाम असणें आणि दुसऱ्याचें घर नीट पाहणें ह्या दोहोंत विरोध असलाच पाहिजे असें नाहीं.

गोव्यांत मात्र तो विरोध घडला, आणि तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १५६७ सालीं साष्टी प्रांतांतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें मोठ्या संख्येनें पाडलीं. कुंकळीच्या गांवकऱ्यांनीं प्रतिकार केला, त्यांच्यावर स्वाऱ्या झाल्या, आणि जुलै १५८३ मध्यें तेथें ख्रिस्तमंदिरासाठीं जागा पाहावयास गेलेला अक्वाविवा व त्याचे चार बंधु मारले गेले. तो बादशहाच्या दरबारांतून परत येऊन अवघे कांहीं महिने लोटले होते. पुढें कुंकळीच्या प्रमुखांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्यास बोलावून ठार करण्यांत आलें. ख्रिस्तसभेनें १८९३ सालीं त्या पांच धर्मबंधूंस धन्यवादित म्हणून घोषित केलें, आणि त्यांच्या धैर्याविषयीं शंका नाहीं. पण असोळण्यास मेलेल्यांच्याहि घरीं पोरें होतीं. एकच नांव तारणारें आहे हें वचन पेत्रानें बेड्यांची भीति असतांना उच्चारलें होतें. तेंच वचन ज्यांच्या हातीं बेड्या होत्या त्यांच्या तोंडीं गेलें, तेव्हां त्याचा अर्थ ऐकणाऱ्यास निराळा ऐकूं आला, ह्यांत नवल तें काय?

त्याच साष्टींत, त्याच पिढींत, दुसराहि एक मनुष्य काम करीत होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. त्यानें आपल्या चाळीस वर्षांत काय केलें? मराठी शिकला, ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी आत्मसात केली, आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारें अकरा हजार ओव्यांत रचली. ख्रिस्तपुराण प्रथम १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, तेंहि रोमन लिपींत, कारण देवनागरी खिळे नव्हते. ग्रंथाच्या निमित्ताची हकीकत त्यांतच आहे. जुनीं पुराणें आम्हांस सोडावयास लावलींत, मग त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत वाचावयास कांहीं द्याल कीं नाहीं, असा प्रश्न नवख्रिस्ती श्रोत्यांकडून येतो, आणि पाद्रीगुरु त्यांस सांगूं लागतो.

स्टीफन्स मूर्तिपूजेविषयीं कठोरच आहे. त्याला आजच्या अर्थानें सर्वधर्मसमभावी म्हणणें म्हणजे त्याच्या तोंडीं आपलें बोलणें घालणें होय. परंतु त्याचे शब्द पाहा. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो. मोक्ष, मुक्ति, परमेश्वर हे शब्द तो निःसंकोच घेतो. ज्या शब्दांनीं साष्टींतल्या आजीनें आयुष्यभर देवास हांक मारली, त्याच शब्दांनीं नातवास ख्रिस्त सांगितला जात होता. आजीचे शब्द जर ख्रिस्तास वाहून नेण्याजोगे आहेत, तर आजीच्या प्रार्थनेंत कांहींच सत्य नव्हतें असें कसें म्हणावें? स्टीफन्सनें हा प्रश्न उघडपणें मांडला नाहीं, पण त्याच्या शब्दयोजनेनें तो पुढच्यांवर टाकला. त्याच्या मागून आलेल्या एतियेन द ला क्रवा ह्या फ्रेंच धर्मगुरूनें १६२९ सालीं संत पेत्राच्या चरित्रावर मराठी ओवीग्रंथ छापला. त्यांत हिंदु देवतांचें खंडन विस्तारानें आहे. पहिल्या ग्रंथाच्या पुन्हां दोन आवृत्ति निघाल्या, हस्तलिखितें झालीं, आणि १९०७ सालीं तो मंगळुरास परत छापला गेला. दुसऱ्याचें नांव आज अभ्यासकांवांचून कोणी घेत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत हा वाद इंग्रजी राज्यांत नव्यानें पेटला. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकांठीं विष्णुबुवा ब्रह्मचारी व प्रोटेस्टंट मिशनरी ह्यांचे जाहीर वाद झाले. त्यांत दोन्ही बाजूंनीं जिंकण्याची हौस अधिक होती. त्याहून बोधप्रद दोन माणसें, दोन्ही आपल्या कॅथलिक पंथाबाहेरचीं, पण शेजारीं म्हणून त्यांच्याकडे पाहिलें पाहिजे. नारायण वामन टिळक ह्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं स्नानसंस्कार घेतला, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते मानीत. उलट पंडिता रमाबाई. त्यांनीं मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण शास्त्राचें मराठी भाषांतर केलें व तें काम १९२२ सालीं, मृत्यूच्या तोंडावर, पुरें केलें. हिंदु पुराणांचा वास येणारे संस्कृत शब्द टाळून साध्या बायाबापड्यांस कळेल अशी भाषा वापरण्याचा त्यांचा कटाक्ष होता. पुराणें ज्यांना तोंडपाठ होतीं त्या विदुषीनें तीं शब्दांतूनहि दूर ठेवावींत, आणि विलायतेंत जन्मलेल्या स्टीफन्सनें तीं जवळ करावींत, ही गंमत आहे. रमाबाईंनीं त्या शब्दांच्या छायेंत विधवांचे हाल पाहिले होते, स्टीफन्सनें नाहीं. तेव्हां शेजाऱ्याच्या धर्मांत किरण आहेत हें म्हणतांना तेथें अंधारहि असूं शकतो, आणि तो आपल्याहि घरांत असूं शकतो, एवढें रमाबाईंपासून शिकावें.

जोतीराव फुले ह्यांचा मार्ग तिसराच. त्यांचें शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें, मिशनऱ्यांशीं त्यांचा स्नेह होता, पण ते ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं निघालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकांत असें कुटुंब कल्पिलें आहे कीं, त्यांत एक बौद्ध, एक ख्रिस्ती, एक मुसलमान व एक सत्यधर्मी व्हावा, आणि कोणी कोणाचा द्वेष न करितां एका घरांत नांदावें. ह्याच बुलढाणा जिल्ह्यांतील पंढरीनाथ पाटील ह्यांनीं फुल्यांच्या आरंभींच्या चरित्रांपैकीं एक लिहिलें, तेव्हां हा विचार ह्या मातीस परका नाहीं. सर्व धर्म सारखेच, असें ख्रिस्ती मनुष्यास फुल्यांबरोबर म्हणतां येणार नाहीं. पण तसें घर चालविण्यास त्याच्या शास्त्राची आडकाठीहि नाहीं.

रोमकडे तोंवर काय चाललें होतें? सालामांकाचा डोमिनिकन पंडित वितोरिया ह्यानें १५३९ सालींच असें मांडलें होतें कीं, ज्यांना नीट सांगितलें गेलें नाहीं त्यांस अविश्वासाचें पाप लागत नाहीं. नवव्या पायस परमगुरूंनीं १८६३ च्या ऑगस्टांत लिहिलें कीं, स्वतःचा दोष नसतां जे अज्ञानांत आहेत व सृष्टिनियम पाळून सरळ जगतात, त्यांस देव आपल्या कृपेनें अनंत जीवनास पोंचवूं शकतो. पुढें अमेरिकेंत बॉस्टनच्या लिओनार्ड फीनी ह्या धर्मगुरूनें जुनें सूत्र अक्षरशः लावून, कॅथलिकांवांचून कोणी तरणार नाहीं, असें शिकविण्यास आरंभ केला. १९४९ सालीं रोमहून त्यास चूक दाखविण्यांत आली, आणि तो तेथें हजर होईना, तेव्हां १९५३ सालीं त्यासच बहिष्कृत करण्यांत आलें. सभेबाहेर तारण नाहीं असें म्हणणारा स्वतःच सभेबाहेर गेला. पुढें १९७२ सालीं त्याचा समेट झाला, हेंहि सांगितलें पाहिजे.

त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद. आपला अमरावती धर्मप्रांत नागपुरापासून १९५५ सालीं वेगळा झाला होता, आणि त्याच्या पहिल्याच दशकांत ही परिषद भरली. तिनें २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं ख्रिस्तसभेविषयींचा जो मुख्य निबंध प्रसिद्ध केला, त्यांत शुद्ध मनानें देवास शोधणारे व विवेकाच्या आज्ञेप्रमाणें वागणारे लोकहि तारण पावूं शकतात, असें स्पष्ट झालें. नंतर अवघ्या अकरा दिवसांनीं सहावे पॉल परमगुरु मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त महोत्सवास आले. ३ डिसेंबर रोजीं इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढें बोलतांना त्यांनीं असत्यांतून सत्याकडे नेण्याविषयींची बृहदारण्यकोपनिषदांतील प्रार्थना आदरानें उद्धृत केली. एकमेव तारकाचा प्रतिनिधि मुंबईच्या भूमीवर उपनिषदाची प्रार्थना आपल्या तोंडानें म्हणतो, हा प्रसंग स्टीफन्सला पाहावयास मिळता तर त्यास वैकुंठ शब्दाचें सार्थक झाल्यासारखें वाटलें असतें, असें आम्हांस वाटतें. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं इतर धर्मांविषयींचा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनीं मंजूर झाला. त्या धर्मांत जें सत्य व पवित्र आहे तें ख्रिस्तसभा नाकारीत नाहीं, हें त्याचें सार. त्याच जाहीरनाम्यांत ख्रिस्ताची घोषणा करण्याचें कर्तव्यहि सांगितलें आहे, आणि २००० सालच्या रोमच्या पत्रकानें तारक एकच हें पुन्हां निक्षून सांगितलें. तीमथ्याच्या पत्रांतील तीं दोन लागून असलेलीं वाक्यें अशा रीतीनें पुन्हां शेजारीं शेजारीं बसलीं. जो तरतो तो ख्रिस्ताच्याच कृपेनें तरतो; ती कृपा किती दूरवर जाते ह्याची मोजणी आपणांकडे दिलेली नाहीं.

पोराचा प्रश्न राहिला. त्याचें उत्तर ह्या निबंधांपेक्षां वेदीवरच्या एका प्रार्थनेंत अधिक सोपें सांपडतें. १९६८ सालीं मिस्सेसाठीं ज्या नव्या युखरिस्त प्रार्थना आल्या, त्यांतील चौथीमध्यें धर्मगुरु आधीं जिवंत माणसांकरितां विनंती करतो, आणि तींत सरळ अंतःकरणानें देवाचा शोध घेणारे सर्व लोक येतात. मग मृतांची पाळी. ख्रिस्ताच्या शांतींत निजलेल्यांबरोबर, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच माहीत आहे अशा सर्व मृतांची तेथें आठवण केली जाते. पंढरीची वाट चालतां चालतां मेलेले आमचे खापरपणजोबा ह्या शब्दांत मावतात. ही प्रार्थना आपल्या कानीं क्वचितच पडते, कारण तिची प्रस्तावना ठरलेली असल्यामुळें ज्या दिवशीं स्वतंत्र प्रस्तावना असते त्या दिवशीं ती म्हणतां येत नाहीं. सामान्य काळांतील रविवारीं मात्र ती चालते. धर्मगुरूंस आगाऊ सांगून ठेवावें.